पाठीत सुई जाताना

माझ्या लेकीच्या पाठीत सुई गेली तेव्हा तिचं कपाळ माझ्या छातीला टेकलेलं होतं आणि तिचा उजवा हात माझ्या हातात होता. तेव्हा मी जे पाहिलं ते लिहून ठेवावं म्हणून ही वही आणली. शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षर वाकडं आहे. लेक म्हणाली, बाबा, तुमी सांगा, मी मोबाईलवर टाइप करतो. मी म्हटलं, राहू दे, माझं मी लिहितो.

मी कामठीचा. बेचाळीस वर्षं पावरलूमवर काढली. पत्र्याची एक शेड आणि तिच्यात बारा लूम. ती शेड ज्यानं चालू असताना आतून पाहिली नाही त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचत नाही. म्हणून लूमवाले समोरच्याचे ओठ पाहून बोलणं ओळखतात, आणि ओठ दिसत नसतील तर हातानं बोलतात. आमच्या हाताच्या खुणा ठरलेल्या. माझे कान त्या शेडमध्येच गेले. आवाजही तिथंच असा झाला की मी घरात पाणी मागितलं तरी शेजारी विचारतो, काय झालं म्हणून. कानाला मशीन लावा असं जावयानं दोनदा सांगून पाहिलं. मी लावली नाही. समोरच्याचे ओठ दिसले की माझं काम भागतं.

लेक एकुलती एक. तिची आई जाऊन चार वर्षं झाली. लेकीला दिवस राहिले तेव्हा तिच्या सासूनं चांगल्या मनानं कळवलं, की तिकडे करणारं कोणी नाही, बाळंतपण आम्हीच करतो. मी नाही म्हटलं. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. आई नसली तरी बाप जिवंत आहे. सातव्या महिन्यात मी तिला घेऊन आलो आणि खाप्याहून माझी मोठी बहीण आणली. बहिणीची पाच बाळंतपणं झालेली, पाचही घरातच. तिच्या भरवशावर मी छाती पुढं काढून फिरत होतो.

त्या दिवशी पहाटे लेकीला कळा सुरू झाल्या. सात वाजता आम्ही तिघं ऑटोनं नागपूरच्या दवाखान्यात पोचलो. जावई नोकरीला रायपूरला, तो सकाळच्या गाडीत बसला होता, संध्याकाळपर्यंत यायचा होता. तपासून सांगितलं की अजून बराच वेळ आहे. दहा वाजेपर्यंत लेकीचा चेहरा ओळखू येईना. कळ आली की ती पलंगाची दांडी धरायची आणि तोंडातून आवाज न काढता डोकं इकडून तिकडे हलवायची. माझ्यासमोर ओरडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ही खोड तिला माझ्याकडूनच लागली.

दहाच्या सुमारास भूल देणाऱ्या डॉक्टरीण आल्या. वय असेल पस्तीसच्या आतबाहेर, आवाज हळू. त्या तपासून जाताच लेकीनं मला सांगितलं, की कळा कमी व्हाव्यात म्हणून ती पाठीतून औषध घेणार आहे. आठव्या महिन्यातच तिचं आणि जावयाचं ठरलेलं. मला सांगितलं नाही, कारण मी काय म्हणीन ते तिला ठाऊक होतं. आणि मी तेच म्हटलं.

"पाठीत सुई? काहून वं?"

"दुखून राहिलं म्हणून, बाबा."

"दुखनारच ना! पाठीत सुई टोचली का जन्माची कंबर गेली समज. पन्नास जनींनी सांगितलं मले."

"कंबर माही आहे, बाबा."

मग मी माझं नेहमीचं बाहेर काढलं. "तुह्या मायनं तुले घरीच जनम देल्ला. हूं का चूं नाही केलं तिनं. मी भिंतीपलीकडं होतो, मले मालूम आहे."

ही गोष्ट मी तीस वर्षं सांगत आलो होतो. लग्नात, बारशात, पानठेल्यावर. आमची खोली शेडला लागून होती, मधे एक भिंत. लेक झाली तेव्हा मी माझ्या लूमवर उभा होतो, आणि भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. अशी माझी बायको, असं मी लोकांना सांगायचो.

बहीण कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. ती उठली.

"भिंतीपलीकडं होता, तं लूम बंद होते का गा तुहे?"

मी तिला हातानं खाली बस म्हणून खूण केली. ती बसली नाही.

"बारा लूम चालू. ऐकू कुठून येईन तुले? ती अशी वरडत होती का माह्या दंडात तिची नखं रुतली. मी म्हनलं, बोलावतो त्याले, मशीन बंद कर म्हनतो. तं म्हने, नका बोलावू आक्का, कापडाचा ताका पुरा करायचा हाये त्याले आज." बहीण माझ्या तोंडासमोर हात नाचवत होती. "अन् तू गावभर सांगत फिरला हूं का चूं नाही केलं म्हनून. तुही दाढ दुखली होती तं सारी गल्ली जागवली होती तुनं. इसरला?"

लेकीला कळ आली होती, तिचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिनं पलंगाची दांडी धरली आणि डोकं हलवायला लागली. तोंड घट्ट मिटलेलं. मी त्या मिटलेल्या तोंडाकडे पाहत राहिलो. तोपर्यंत मी त्याला हिंमत म्हणत होतो.

डॉक्टरीण परत आल्या तेव्हा मी दारात उभा होतो. त्या म्हणाल्या, "काका, जरा बाजूला व्हा. पेशंटनं मागितलंय, पेशंटनं सही केलीय. आम्ही तिचं ऐकणार."

मी बाजूला झालो. मनातून अजून पटलं नव्हतं. मी एवढ्यावर पटवून घेणारा माणूस नाही.

आत घरचं एकच माणूस चालणार होतं. अर्थात बहीण गेली. मी बाहेर बाकावर बसलो. पाच मिनिटंही झाली नसतील, सिस्टर तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. आत ताटात मांडून ठेवलेली लांब सुई बहिणीनं पाहिली आणि तिचे डोळे फिरले. पाच बाळंतपणं घरात केलेली बाई! तिला बाकावर आडवी करून सिस्टरनं साखरेचं पाणी पाजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या मुलीनं तुम्हाला बोलावलंय."

"मले?"

"बाबाच पाहिजे म्हणते."

हिरवा झगा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क असं सगळं चढवून मी आत गेलो. लेक पलंगाच्या कडेवर पाय सोडून बसली होती, पाय एका पाटावर, पोटाशी उशी. पाठ उघडी, आणि तिच्यावर मधे भोक असलेला निळा कपडा चिकटवलेला. डॉक्टरीण तिच्या मागे. मला लेकीसमोर स्टुलावर बसवलं आणि तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठेवले. मान खाली, हनुवटी छातीला, पाठ बाहेर काढून गोल करायची, आणि मग हलायचं नाही, एवढंच तिचं काम. पण पोटात बाळ, कळ तीन-तीन मिनिटांनी येणारी, आणि हलायचं नाही! कळ आली की ती सरळच व्हायची. पोटावर कळा मोजायचा पट्टा बांधलेला होता, पण ती वाकून बसल्यामुळे तो सरकत होता आणि पडद्यावरची रेघ नीट उमटत नव्हती. म्हणून कळ येताना तोंडानं सांगा, असं डॉक्टरीण तिला म्हणत होत्या, हे मला मागाहून कळलं. तेवढं सांगायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

आणि चूक माझ्याकडून झाली.

आत लेक सोडून सगळ्यांच्या तोंडावर मास्क. एकाचेही ओठ दिसेनात. मी त्या खोलीत पुरा बहिरा झालो होतो, आणि हे कोणाला सांगायची मला लाज वाटली. डॉक्टरणीच्या हातात सुई होती, त्यांचा मास्क हलला. मला वाटलं, मलाच काही सांगतायत. मी विचारलं, "काय म्हनता?"

मी साधंच विचारलं, पण माझं साधं म्हणजे लूमच्या शेडमधलं. त्या लहान खोलीत तो आवाज भांडं पडल्यासारखा झाला. लेक दचकून ताठ झाली. डॉक्टरणीनं झटकन हात मागे घेतला. सिस्टर माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होती. नंतर लेकीनं सांगितलं, की डॉक्टरीण तिलाच म्हणत होत्या, आता अजिबात हलू नका.

तेवढ्यात कळ आली आणि लेकीचा बांध फुटला. "नाही होत माह्यानं," असं ती म्हणाली. तिचं तोंड उघडं होतं, मास्क नव्हता, म्हणून ते मला वाचता आलं. डॉक्टरणीनं सिस्टरला काही सांगितलं आणि सिस्टर माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मला बाहेर काढत होते. मी उठलो. चूक माझी, मग बसून राहण्यात काय अर्थ? आणि हेही कळलं, की आता पोर स्थिर बसली नाही तर सुई जाणार नाही, आणि सुई गेली नाही तर हे असंच तासन् तास चालणार. बारा लूमच्या आड जे लपलं होतं ते आज माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

लेकीनं माझ्या झग्याची बाही धरली.

कळ ओसरल्यावर ती मान वळवून डॉक्टरणीला म्हणाली, "बाबाले बाहेर नका काढू. त्यांनले ऐकू नाही येत. तोंडानं नका सांगू, हातानं सांगा. ते लूमवर होते." आणि तिनं हात वर करून खुणा करून दाखवल्या.

लहानपणी ती शेडमध्ये माझा डबा घेऊन यायची. तिथंच पाहून पाहून शिकली. मला वाटलं होतं, एवढी शिकली, शाळेत शिकवायला लागली, तिला कशाला आठवतंय. अंगठा आणि बोट जुळवून ताडकन उघडायचं, म्हणजे धागा तुटला, थांबव. तीच दोन बोटं एकमेकांवर चोळायची, म्हणजे गाठ मारली, धागा जोडला, चालू कर. आणि माणूस लूमवर वाकलेला असेल, त्याला हात दिसत नसेल, तर मागून त्याच्या खांद्यावर तळवा दाबायचा. दाबून धरला म्हणजे जसा आहेस तसाच राहा.

डॉक्टरणीनं ते सगळं पाहिलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आपली दोन बोटं जुळवून उघडली आणि भुवया वर केल्या, म्हणजे, तुटला, असंच ना? मी मान हलवली. त्यांनी तळहात हवेत खाली दाबून दाखवला. मी परत मान हलवली. त्यांचे ओठ मास्कमागे होते, पण त्या हसल्या हे मला डोळ्यांवरून कळलं.

मी पुन्हा स्टुलावर बसलो. लेकीनं कपाळ माझ्या छातीला लावलं. तिचा उजवा हात मी हातात घेतला आणि माझा डावा तळवा तिच्या खांद्यावर ठेवला. आता कोणी बोलत नव्हतं. कळ यायला लागली की माझ्या मुठीत तिची दोन बोटं उघडायची, तुटला. मी डावा हात उचलून डॉक्टरणीला तीच खूण करायचो. त्या थांबायच्या. मग मी तिच्या खांद्यावर तळवा परत दाबून धरायचो आणि माझा श्वास तिला छातीवर कळेल असा लांब लांब घ्यायचो. ती माझ्या श्वासाला श्वास जोडायची. कळ गेली की तिची बोटं चोळली जायची, जोडला. मी खूण पुढं द्यायचो, आणि डॉक्टरीण काम पुढं न्यायच्या.

लेक वाकलेली असल्यामुळे तिच्या डोक्यावरून मला त्यांचे हात दिसत होते. आधी एक बारीक सुई देऊन जागा बधिर केली. मग ती लांब सुई. तिच्या मागे पिचकारी, आणि पिचकारीच्या दांड्यावर अंगठा. मला वाटलं होतं, त्या सुईकडे टक लावून पाहतील. त्या सुईकडे पाहतच नव्हत्या. नजर समोरच्या भिंतीवर कुठंतरी होती आणि सगळं लक्ष त्या अंगठ्यात. केसभर पुढं, अंगठा दाबून पाहायचा, परत केसभर.

आणि मी ओळखलं. लूमच्या ताण्यावर तळवा ठेवला की हजारो उभ्या धाग्यांतला एक कुठं ढिला आहे ते मला न पाहता कळायचं. मालक विचारायचा, कसं कळतं रे? मला सांगता यायचं नाही. ही बाई तेच करत होती, फक्त ताण्याच्या जागी माझ्या लेकीचा कणा होता. हाडांच्या मधल्या अंधारात ती अंगठ्यानं वाट चाचपत होती. मला जेवढं करता यायचं त्यावर मी जन्मभर ताठ मानेनं फिरलो. त्या अंगठ्यापुढं माझी मान आपोआप खाली गेली.

मधेच बोटं उघडली, तुटला. सुई आत होती आणि कळ आली. मी खूण दिली. डॉक्टरणीचे हात जागच्या जागी थांबले, जणू दगडाचे. लेक थरथरत होती, पण पाठ हलली नाही. मी तळवा तिच्या खांद्यावर परत दाबला आणि सोडला नाही. माझ्या छातीवर तिचे दात वाजत होते. या वेळेस तिनं तोंड मिटलं नव्हतं. ती माझ्या झग्यात तोंड घालून ओरडत होती. ते मला ऐकू आलं असं म्हणता येणार नाही, पण माझ्या बरगड्यांना लागलं. मी मनात म्हटलं, ओरड वं माय, ओरड.

बोटं चोळली, जोडला.

डॉक्टरणीचा अंगठा एकदम आत गेला. जिथं अडत होतं तिथं अडायचं थांबलं. मग त्यांनी एक नळी घेतली. मी धाग्याचा नंबर, म्हणजे तो किती बारीक ते, नुसता हात लावून सांगतो, पण इतकी बारीक पोकळ नळी मी कधी पाहिली नव्हती. ती त्यांनी सुईच्या पोटातून आत सरकवली, हळूहळू, जसा आम्ही लूमच्या फणीतून धागा ओवायचो. सुई बाहेर काढली आणि नळी आत राहिली. पाठीला पट्ट्या लावल्या. लेक म्हणाली, एक झिणझिणी पायात गेली आणि संपली. बाकी काही नाही.

नळीतून आधी थोडं औषध दिलं, मग थांबून बाकीचं. लेकीला पाठीवर टेकवून निजवलं, पोटावरचा पट्टा नीट बांधला. डॉक्टरणीनं मला दोन्ही हातांची बोटं दाखवली, दोनदा. वीस मिनिटं.

पहिल्या कळेला लेकीनं दांडी धरली. दुसऱ्या कळेला धरली आणि मधेच सोडून दिली. तिसऱ्या वेळेस पडद्यावरची रेघ चढायला लागली आणि मी तिच्याकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती. रेघ वर वर गेली. मी विचारायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. नुसतं तिच्या पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं कडक झालेलं. आतलं काम जोरात चाललं होतं.

"दुखते?" हे मी मास्क जरा खाली ओढून ओठांनीच विचारलं.

तिनं थोडं थांबून पाहिलं, जसं कोणी घरात नाही ना हे माणूस कान देऊन पाहतो. मग मान हलवली. नाही.

कधीमधी शेडमध्ये विजेची लाईन जायची. बारा लूम एकाच क्षणी थांबायचे, आणि कानात अशी शांतता भरायची की पत्र्यावर चालणाऱ्या चिमणीचे पाय ऐकू यायचे. तेव्हा सगळे कामगार हातातलं सोडून उगाच एकमेकांकडे पाहून हसायचे. लेकीच्या तोंडावर तसं हसू आलं. आणि माझ्याकडे पाहता पाहता तिचे डोळे मिटले. पहाटेपासून जागी पोर, कळा चालू असताना झोपली.

मी बाहेर गेलो. बहीण बाकावर उठून बसली होती.

"काय झालं गा?"

"झोपली."

"झोपली म्हन्जे? कळा बंद झाल्या का? मोठ्या डॉक्टरले बोलाव ना!" ती घाबरून उभीच राहिली.

"कळा चालू हायेत. अन् झोपली."

"काही बोलतो का तू?"

मी अंगातला झगा उतरवून तिच्या अंगावर घातला. तिच्या टोपीची नाडी बांधता येईना, सिस्टरनं बांधली. आत कोणी एकच राहील, असं सिस्टरनं बजावलं. मी म्हटलं, हीच राहील.

दाराला उभी काच होती. तिच्यातून मी पाहत उभा राहिलो. बहीण पलंगाशी गेली, स्टूल ओढून बसली. पडद्यावरची रेघ चढायला लागली तसा तिनं पोटावर हात ठेवला. पाच बाळंतपणं केलेल्या त्या हाताला मी काही सांगायची गरज नव्हती. तिनं झटकन लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर एक आठी नाही. तिनं हात उचलला, आपल्याच तळव्याकडे पाहिलं, आणि परत पोटावर ठेवला. रेघ वर गेली, खाली आली. लेक झोपूनच होती.

दुपारी मला नात झाली, पण ते पुढचं. त्या वेळेस मी काचेतून माझ्या म्हाताऱ्या बहिणीला पाहत होतो. रेघ पुन्हा चढायला लागली, आणि ती झोपलेल्या पोरीच्या तोंडावर वाकून, मास्कमागे काहीतरी पुटपुटत, दुसऱ्या हातानं तिच्या कपाळावरचे केस मागे करत होती. ती काय म्हणत होती ते ओठ दिसत नव्हते म्हणून मला कळलं नाही. मी तिला नंतरही विचारलं नाही.